थर्ड स्ट्राइक: आठ महिने मार खाऊन लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. घरात, हॉस्टेलवर, ऑफिसात, कुठेही तुमच्याइतकाच कच्चा आणि तुमच्याइतकाच चिवट दुसरा माणूस असेल तर हा गेम डोळे झाकून घ्या. नसेल तर घेऊ नका, सेलमध्ये असला तरी घेऊ नका, तेवढ्या पैशात चार मित्रांना मिसळ खाऊ घाला. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, मी जरा सविस्तरच लिहिणार आहे, कारण गेले आठ महिने रोज रात्री जेवणं झाली की आमच्याकडे हेच चाललंय आणि बायकोला त्यातलं काही सांगायची आता सोय राहिलेली नाही.

गेम म्हणजे स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक, दोघांनी समोरासमोर मारामारी करायचा. कॅपकॉमचा, १९९९ सालचा, मुळात आर्केड मशीनसाठी केलेला. मी घेतलं ते स्ट्रीट फायटर थर्टीएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन, २०१८ मध्ये आलेलं, पीसीवर. त्यात एकूण १२ गेम आहेत, १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरपासून ते या थर्ड स्ट्राइकपर्यंत, आणि त्यातले ४ ऑनलाइन खेळता येतात. बाकीचे अकरा मी फार तर दोन-दोनदा उघडले असतील. १९८७ वाला मात्र गंमत म्हणून एकदा बघाच, त्यात हाडोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) काढणं म्हणजे पावसाळ्यात जुनी स्कूटर किक मारून चालू करण्यासारखं आहे, दहा किकांत एकदा. तर हा रिव्ह्यू खरं म्हणजे बारातल्या एकाचाच आहे.

थोडं मागचं. माझं वय ४२, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरवाली पिढी. शाळेमागच्या बोळात पत्र्याच्या शेडमध्ये चार मशिनी होत्या, रुपयाला एक कॉईन. एकीवर मुस्तफा (त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आहे हे मला तिशीत कळलं), एकीवर स्ट्रीट फायटर टू, आणि नंतर कधीतरी एक किंग ऑफ फायटर्स ९७ वाली आली. भारतीय म्हणून सगळे आधी धालसिम घ्यायचे आणि हरायचे, मग गुपचूप केनवर यायचे. माझी सगळी विद्या म्हणजे उडी मारून लाथ, खाली आलो की पाय लावून पाडणं, परत उडी. यावर मी आमच्या वर्गात तिसरा-चौथा होतो, आणि पुढची तीस वर्षं मी याच समजुतीत होतो की आपल्याला स्ट्रीट फायटर येतो.

भाचा साताऱ्याहून इंजिनियरिंगला आला आणि आमच्याकडे कोथरूडलाच राहिला. त्याने पार्लर बघितलेलं नाही, कॉईन टाकलेला नाही, त्याचा सगळा अनुभव मोबाइलवरच्या गेमचा. मी कलेक्शन घेतलं ते त्याला जरा इंगा दाखवायला, हे कबूल करतो. पहिल्या रात्री वीस मॅच झाल्या, सतरा मी जिंकलो. उडी, लाथ, पाय. तो म्हणाला, "मामा, तुम्ही तर लय भारी खेळताय." मला फार बरं वाटलं. दोन आठवडे असंच चाललं, मग तो परीक्षेनंतर चार दिवस घरी जाऊन आला, आणि तिकडे त्याने यूट्यूबवर काय काय बघून ठेवलं कोण जाणे, आल्या आल्या पहिल्याच मॅचला मी उडी मारली, लाथ त्याच्या डोक्यापर्यंत पोचली, आणि टण्णकन आवाज येऊन स्क्रीनवर निळसर झळाळी उठली आणि मी खाली आडवा. मला वाटलं काहीतरी बिघडलं. परत उडी मारली, परत टण्ण. त्या रात्री वीसपैकी दोन जिंकलो, त्यातली एक तो पाणी प्यायला उठला होता तेव्हा.

याला पॅरी म्हणतात, आणि हा अख्खा गेम या एका गोष्टीभोवती उभा आहे, म्हणून जरा नीट सांगतो. फायटिंग गेममध्ये साधारण दगड-कागद-कात्री असते: समोरच्याने मारलं तर ब्लॉक करायचं, ब्लॉक करून बसलाय तर उचलून आपटायचं म्हणजे थ्रो, थ्रो करायला जवळ येतोय तर त्याआधी मारायचं. ब्लॉक करायचा म्हणजे काठी (जॉयस्टिक) मागे ओढून धरायची, समोरच्यापासून लांब. पॅरी बरोबर उलटी. फटका लागायच्या ऐन क्षणी काठीला पुढे टिचकी द्यायची, त्याच्याच दिशेने, खालून पायावर येत असेल तर खाली टिचकी. जमलं तर काहीच लागत नाही आणि तुम्ही त्याच्या आधी मोकळे होता. नाही जमलं तर अर्थातच खाल्लं, कारण पुढे टिचकी दिली म्हणजे ब्लॉक सोडला. वेळ मिळतो साधारण १० फ्रेम, आणि गेम सेकंदाला ६० फ्रेमने (म्हणजे चित्रांनी) चालतो, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. त्यात समोरून वरचा फटका येणार का खालचा हेही आधी ओळखायचं. म्हणजे बघून पॅरी करायची असं मला वाटत होतं ते तितकंसं खरं नाहीये, बरीचशी पॅरी ही समोरचा आता काय करणार याच्या अंदाजावर असते, आणि उडी-लाथ-पाय एवढंच येणाऱ्या मामाचा अंदाज बांधायला काय लागतं.

या पॅरीचा जगप्रसिद्ध व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल, नसेल तर बघा, इव्हो २००४ चा. कॅलिफोर्नियात झालेली फायटिंग गेमची मोठी स्पर्धा, एकीकडे जस्टिन वाँग चुन-ली घेऊन, दुसरीकडे डायगो उमेहारा केन घेऊन. डायगोची लाइफ इतकी कमी उरलीये की चुन-लीचा सुपर (मीटर भरला की सोडता येणारा मोठा डाव) नुसता ब्लॉक केला तरी तो मरणार, कारण सुपर ब्लॉक केला तरी थोडं लागतंच. वाँगने सुपर सोडला, पंधरा लाथा, आणि या बाबाने एकेक करून पंधराच्या पंधरा पॅरी केल्या, शेवटची हवेत उडी मारून, आणि खाली येऊन तिथेच मॅच संपवली. मागे लोक अक्षरशः किंचाळतायत. मी हे आधीही बघितलेलं, पण पॅरी म्हणजे काय ते कळायच्या आधी, तेव्हा 'हां, चांगलं खेळला' एवढंच वाटलं होतं. स्वतः चार महिने खेळून मग बघितलं तर अंगावर काटा आला. आणि ही गोष्ट फार कमी लोक सांगतात: ती स्पर्धा डायगो जिंकला नाही, पुढे फायनलला हरला. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, म्हणजे मामा तुम्हाला पण चान्स आहे. याचा अर्थ काय मला अजून लागलेला नाही.

आता हा गेम नवख्या माणसाला काय शिकवतो? काहीही नाही. ट्युटोरियल नावाचा प्रकार नाही, मशीनमध्ये कॉईन टाकून खेळायचा गेम तो, मार खा आणि शीक. मॅच संपली की मार्क मात्र देतो, ग्रेड येते, ई पासून वर, माझा बराच काळ डीमध्ये गेला. कॉम्प्युटरशी खेळून फारसं काही हाती लागत नाही आणि शेवटचा बॉस गिल, त्याचा मीटर भरलेला असेल तर मेल्यावर परत जिवंत होतो, तेही पूर्ण लाइफ घेऊन. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी कंट्रोलर गादीवर फेकला (गादीवरच, एवढं भान होतं).

एकच जागा आहे जिथे गेम स्वतःहून थोडंफार शिकवतो, ती म्हणजे मधला बोनस राउंड, त्यात शॉन नावाचं पोरगं तुमच्यावर बास्केटबॉल फेकत राहतं आणि ते तुम्ही पॅरी करायचे. यात आमच्याकडे एक अजब गोष्ट घडली. बायको एरवी या सगळ्याकडे ढुंकून बघत नाही, एका रविवारी सहज म्हणाली बघू जरा, आणि पहिल्याच फेरीत माझ्यापेक्षा जास्त बॉल अडवले. ती लग्नाआधी पाच-सहा वर्षं ढोल पथकात होती. म्हणाली, तू बॉलकडे बघून हात हलवतोयस, ठेका धर ना. आणि खरंच, पॅरीत डोळ्यांपेक्षा ठेका जास्त कामाला येतो, चुन-लीच्या त्या पंधरा लाथांनाही ठरलेला ठेका आहे, एकदा कानात बसला की हात आपोआप चालतो. माझ्या कानात अजून बसायचाय. बायकोने त्यानंतर गेमला हात लावलेला नाही, मॅच मात्र तिने एकही न खेळता जिंकल्यासारखी आहे.

कॅरेक्टर कुठला घ्यायचा यावर मी दोन महिने फुकट घालवले, तुम्ही घालवू नका. १९ जण आहेत, त्यातले ओळखीचे फक्त र्‍यू, केन, चुन-ली आणि अकुमा, बाकी सगळी नवी मंडळी. मला ह्युगो दिसला, जर्मन पैलवान, स्क्रीनमध्ये मावत नाही इतका मोठा. आमच्या आजोबांनी शुक्रवार पेठेत तालमीत माती खाल्लेली, म्हटलं आपलं रक्त पैलवानाचं, हाच घेऊ. त्याचा मुख्य डाव म्हणजे पकडून आपटणं आणि त्यासाठी काठी गोल फिरवावी लागते, अख्खा गोल, आणि गोल फिरवताना काठी वरच्या दिशेला गेली की गडी उडी मारतो. म्हणजे मी पकडायला जायचो आणि दीडशे-दोनशे किलोचा माणूस टुणकन हवेत. समोर भाचा माकोतो घेऊन, ती कराटेवाली मुलगी, चणीने एवढीशी, ती खाली उभी राहून वाट बघायची. हे डाव दुसऱ्या कशाच्या तरी आड लपवून मारायचे असतात, आधी एखादी लाथ वगैरे आणि तिच्या आतच गोल पूर्ण करायचा, हे मला फार उशिरा कळलं, तोवर मी केनवर आलो होतो. तोच पार्लरवाला प्रवास, फक्त तीस वर्षांनी.

केन घ्या. हे कुणीही सांगेल. केन, चुन-ली आणि युन हे तिघं या गेममधले सगळ्यात वरचे धरले जातात, आणि त्यात केन शिकायला सोपा. मधला पंच, लगेच जोरातला पंच, हे एकामागोमाग आपोआप जुळतं, आणि ते लागलंय असं दिसलं की तिसरा सुपर आर्ट सोडायचा. मॅचच्या आधी तीन सुपर आर्टमधला एकच निवडता येतो, केनला तिसरा घ्यायचा, प्रश्नच नाही. मी महिनाभर एवढंच केलं. ट्रेनिंग मोडमध्ये समोरचा डमी कधी ब्लॉक करेल कधी नाही असा ठेवायचा, दोन पंच मारायचे, लागले तर सुपर, ब्लॉक झाले तर हात आवरायचा. ऐकायला काहीच वाटत नाही पण हात आवरत नाही हो! बोटं आधीच सुपर सोडून बसलेली असतात. आजोबा म्हणायचे जोर-बैठका हजार मार मग डाव विचार, तसलाच प्रकार, रोज पंधरा मिनिटं, बोअर होतं, पण यानेच मी वीसात दोनवरून वीसात सातवर आलो.

हे वरचे-खालचे कॅरेक्टर प्रकरण नवख्याने फार मनावर घेऊ नये. गेम काही समतोल वगैरे नाही, शॉन किंवा ट्वेल्व्ह घेऊन चांगल्या चुन-लीसमोर उभं राहणं म्हणजे छत्रीशिवाय सिंहगड चढणं, जुलैत. पण आपल्या पातळीवर त्याने काही फरक पडत नाही, आपण कॅरेक्टरमुळे हरत नाही, आपण उडी मारल्यामुळे हरतो. भाच्याच्या मित्राने क्यू नावाचा तो ओव्हरकोटवाला मुखवट्याचा माणूस घेऊन मला सलग सहा वेळा हरवलं, तो काही कुणाच्या यादीत वर नाही.

आता हार्डवेअर, कारण यात माझे पैसे गेलेत. सुरुवात कीबोर्डवर केली. साध्या कीबोर्डवर दोघं एकाच वेळी खेळायला बसलात की घोळ होतो, तीन-चार बटणं एकदम दाबली की काही बटणं कीबोर्डला कळतच नाहीत, आणि मग 'मी ब्लॉक केला होता', 'नाही केला होता', अशी भांडणं. मग साधे गेमपॅड घेतले. पॅडवर सहा बटणं, तीन पंच तीन लाथा, त्यातली दोन पॅडच्या खांद्यावर, म्हणजे वरच्या कडेला, ढकलावी लागतात, चालतं, पण माझा अंगठा दुखायला लागला, वयाचा भाग असेल. विकतची आर्केड स्टिक बघितली तर किंमत बघून टॅबच बंद केला.

शेवटी भाच्याने आयडिया काढली, स्वतः बनवू. रास्पबेरी पाय पिको नावाचा छोटा बोर्ड मिळतो, चारशेच्या आत मला मिळाला, त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) टाकलं की तो कंट्रोलर होतो. बटणं लावायची, वायरी जोडायच्या, झालं. एका शनिवारी तपकीर गल्लीत गेलो, मामा-भाचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सची सगळी दुकानं एका जागी, पार्किंग सोडून सगळं मिळतं. वायर, जंपर, सोल्डर, मायक्रोस्विचवाली मोठी बटणं तिथेच मिळाली, छोटी २४ मिलिमीटरची मात्र ऑनलाइन मागवावी लागली. दुकानदार काका म्हणाले कशाला हवंय, मी म्हटलं गेम खेळायला, त्यांनी भाच्याकडे बघून मान हलवली, मी काही बोललो नाही. एमडीएफच्या तुकड्याला भोकं पाडायला सुतारकाकांकडे गेलो तर ते म्हणे हा कुठला स्विचबोर्ड, एवढी बटणं आणि एकही सॉकेट नाही?

आमच्या बॉक्सला काठीच नाही. डावीकडे चार बटणं, मागे-खाली-पुढे आणि अंगठ्याला उडी. याला लेव्हरलेस म्हणतात. सवय व्हायला तीन आठवडे जातात आणि त्या तीन आठवड्यांत तुम्ही परत शून्यावर येता, ही तयारी ठेवा. पण एक फायदा मला लगेच जाणवला, उडीचं बटण वेगळं असल्यामुळे चुकून उडी मारली जात नाही. उडी मारायची तर मुद्दाम अंगठा दाबावा लागतो, आणि दाबताना लाज वाटते. माझा खेळ कशामुळे सुधारला असेल तर यामुळे. दोन्ही बॉक्स मिळून साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला, एक बटण उलटं बसलंय ते तसंच आहे.

आणखी एक, टीव्हीवर खेळणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात थोडा वेळ खातो आणि मग बटण आत्ता दाबलं तर गडी नंतर हलतो. आम्ही महिनाभर तसंच खेळलो आणि मी पॅरी जमत नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत होतो. गेम मोड केल्यावर पॅरी जमायला लागली असं नाही, पण निदान आता शिव्या योग्य माणसाला बसतात.

दिसायला कसा आहे हे राहिलंच. मूळ चित्र फक्त ३८४ बाय २२४ पिक्सेलचं, मोठ्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना पट्ट्या येतात, कुणाला खुपतील. मला नाही खुपत. हाताने काढलेली हालचाल इतकी सुरेख आहे की एलेना नुसती उभी असते तरी नाचत असते, ती बघत बसायला होतं आणि तेवढ्यात लाथ बसते. म्युझिक जॅझ, हिप-हॉप असं काय काय, कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर रॅप लागतं ते आमच्या घरात आता भांडी घासताना पण गुणगुणलं जातं. आणि हे सगळं कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतं, ग्राफिक्स कार्ड वगैरे लागत नाही, फॅनसुद्धा फिरत नाही.

ऑनलाइनचं सांगतो आणि थांबतो. भाचा सुट्टीला गेला की माझा गेम बंद पडतो, म्हणून ऑनलाइन करून बघितलं. हा गेम जे खरंच मन लावून खेळतात ते बहुतेक फाइटकेडवर सापडतात, पीसीवरचा फुकट प्रोग्राम आहे, जुने आर्केड गेम नेटवर समोरासमोर खेळायला. त्यात रोलबॅक असतं. पूर्वी नेटवर खेळताना दोन्ही मशिनी एकमेकांची वाट बघत थांबायच्या, म्हणून सगळं चिखलात चालल्यासारखं वाटायचं. रोलबॅकमध्ये तुमची मशीन थांबत नाही, समोरच्याने काय दाबलं असेल याचा अंदाज करून पुढे जाते, आणि खरी बातमी आल्यावर अंदाज चुकलेला निघाला तर दोन पावलं मागे जाऊन परत बरोबर करते, इतक्या पटकन की बहुतेक वेळा कळत नाही. हे टोनी कॅनन नावाच्या माणसाने २००६ च्या सुमारास जीजीपीओ म्हणून आणलं, हाच माणूस इव्हो स्पर्धा सुरू करणाऱ्यांपैकी एक. म्हणजे स्वतः खेळणाऱ्यानेच वैतागून केलेलं काम आहे, ते जाणवतं.

पण तिथे नवख्याचं काय होतं? पंचवीस वर्षांपासून गेमला एकही पॅच (दुरुस्ती) न येता जे लोक तोच खेळत बसलेत त्यांच्या पुढ्यात तुम्ही जाऊन उभे राहता. जपानात या गेमची पाच-पाच जणांच्या संघांची कोऑपरेशन कप नावाची स्पर्धा कित्येक वर्षं भरते, २०२४ च्या इव्होत हा गेम परत मुख्य यादीत होता, इतकी ही मंडळी चिवट. मला पहिला जो भेटला त्याने माझ्या तीस मॅच घेतल्या आणि त्यातल्या एकोणतीस राउंडही न घालवता घेतल्या. तिसाव्यात एक राउंड दिला, बहुधा चहा आला असेल. उद्धट नव्हता, शेवटी 'गुड गेम' लिहून गेला. पण त्या तीस मॅचमध्ये मी काय शिकलो? काही नाही, कारण मला काय लागलं हेच कळत नव्हतं. भाच्याशी हरलो की कळतं, काल मी पडून उठता उठता तीनदा वर उसळणारा ठोसा म्हणजे शोर्‍युकेन मारला आणि तिन्ही वेळा त्याने ब्लॉक करून शिक्षा दिली, मग आज मी उठताना गप्प बसतो, मग तो थ्रो करायला येतो, मग उद्या मी त्याचा थ्रो मोडतो. रोजचा एकच माणूस असला की काल आणि उद्या असतात, आणि मजा तिथेच आहे. अनोळखी उस्तादाकडून तीस वेळा आपटून घेण्यात ती नाही. आता आमच्याकडे असं झालंय की मॅच सुरू होईपर्यंत 'मामा तुम्ही चहा घेणार का' आणि सुरू झाली की 'ए मामा तू परत उडी मारलीस!' मॅच संपली की परत तुम्ही. बहिणीच्या कानावर अजून गेलेलं नाही.

तुलना विचाराल तर, एकट्याला फायटिंग गेम शिकायचाच असेल तर स्ट्रीट फायटर सिक्स घ्या, २०२३ चा. त्यात सोपी बटणांची मॉडर्न पद्धत आहे, शिकवणारे धडे आहेत, आपल्या पातळीचे लोक ऑनलाइन सापडतात. मी ऑफिसातल्या एकाकडे खेळून बघितला, चांगला आहे, उगाच जुनं ते सोनं म्हणणार नाही. पण त्याला बऱ्यापैकी मशीन लागते आणि त्यात सतत काहीतरी नवीन येत राहतं, नवा सीझन, नवे कॅरेक्टर, काल शिकलेलं आज थोडं बदललेलं. माझ्या वयाला आणि माझ्या वेळेला न बदलणारा गेम बरा पडतो.

तर तारे. दोघांसाठी साडेचार, अर्धा कापला तो गिलबद्दल. एकट्यासाठी दीड, त्यातला एक एलेनाच्या नाचाला.

सध्याचा स्कोअर, कुणी विचारलं नाहीये तरी: या महिन्यात वीस-वीसच्या बारा रात्री झाल्या, माझी सगळ्यात चांगली रात्र नऊ-अकरा. गेल्या मंगळवारी मी पहिल्यांदा त्याचा उडीतला फटका अंदाजाने नाही तर बघून पॅरी केला, टण्ण झालं, निळी झळाळी आली, आणि त्या आनंदात मी पुढे काहीच केलं नाही, तसाच उभा राहिलो, आणि त्याने मला उचलून आपटलं.